फायलींची नावं आणि घोटीतला सत्कार

दोन हजार साल उलटून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. मी नाशिकला शरणपूर रोडवरच्या एका कंप्युटर क्लासमध्ये कामाला होतो. सकाळी मुलांना शिकवायचं, दुपारी बंद पडलेल्या मशिनी उघडून धूळ झटकायची, आणि संध्याकाळी क्लासचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते सांगतील ते करायचं. राहायला सिडकोत एक खोली होती. रविवारी घोटीला घरी जायचो. आबा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका शेठच्या भाताच्या गिरणीत काट्यावर होते. शेतकऱ्यांचं आलेलं भात वजन करून घ्यायचं आणि पोत्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, हे त्यांचं काम. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तेच करत होते.

त्या सुमारास शहरात बोलवा उठली होती, की चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या क्लासांवर धाडी पडणार आहेत. सर घाबरले. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की लिनक्स नावाची एक प्रणाली फुकट मिळते आणि ती वापरली तर कुणी पकडत नाही. एका सकाळी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सगळ्या मशिनींवर ते चढवून टाक." जणू भिंतीला रंग द्यायचा होता.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम एका बांधलेल्या फायलीत येतो. तिला पॅकेज म्हणतात. त्या पॅकेजच्या आत त्याचं नाव, कितवी आवृत्ती, कोणत्या प्रकारच्या मशिनीसाठी, असं सगळं लिहिलेलं असतं, आणि बाहेर फायलीच्या नावातही तेच असायला हवं. पण आमच्यापर्यंत येईस्तोवर त्या नावांची पार वाट लागलेली असे. काही फायली सायबर कॅफेतून उतरवलेल्या, काही पुण्याच्या मित्राने सीडीवर पाठवलेल्या, काही जुन्या फ्लॉपींवरून आलेल्या. कुठं नाव आठ अक्षरांवर कापलेलं आणि पुढं आकडा चिकटवलेला, कुठं नुसतं 'डाउनलोड', 'डाउनलोड एक', 'डाउनलोड दोन'. शेकड्यांनी फायली, आणि कशात काय आहे ते उघडल्याशिवाय कळेना.

क्लासात माझ्याखेरीज शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांचे मिस्टर देवळाली कॅम्पला तोफखान्यात होते. बदल्यांच्या गावांत संसार केल्यामुळे त्यांची मराठी अर्धी हिंदी झालेली होती. मला त्या भैया म्हणायच्या. आम्ही दोघं त्या फायली एकेक उघडून, आतलं नाव वाचून, बाहेरचं नाव हाताने बदलत बसायचो. दोन दिवस केल्यावर मॅडम म्हणाल्या, "भैया, हे मशीनला सांगता नाही येणार का?"

मग मी ते मशीनला सांगायच्या मागे लागलो. काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप करायचा, की ते प्रत्येक पॅकेजच्या आत डोकावणार, नाव, आवृत्ती, मशिनीचा प्रकार वाचणार, आणि ठरलेल्या पद्धतीने फायलीला नवं नाव देणार. फार मोठं काम नव्हतं. साठ-सत्तर ओळींत झालं. पण ते पहिल्यांदा चाललं तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. पडद्यावर एकाखाली एक नावं पडत गेली, सगळी एका वळणाची, एका घाटाची. मॅडम खुर्ची ओढून बाजूला बसल्या आणि शेवटची फाईल होईपर्यंत उठल्या नाहीत. "शाब्बास," त्या म्हणाल्या, आणि आम्ही खाली जाऊन चहा प्यालो.

सरांना दाखवलं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नाही, पण आपल्या क्लासातल्या माणसाने काहीतरी बनवलंय एवढं कळलं. दोनच दिवसांनी एका स्थानिक पेपरचा वार्ताहर क्लासच्या जाहिरातीसाठी आला होता, त्याला त्यांनी माझ्यापुढे आणून बसवलं.

"काय बनवलंत तुम्ही?" त्यानं विचारलं.

"फायलींची नावं बदलणारं छोटं टूल आहे. लिनक्ससाठी."

"लिनक्स म्हणजे?"

"विंडोजसारखीच एक प्रणाली. पण फुकट मिळते."

"आणि ती तुम्ही इथं नाशकात केलीत."

"टूल केलं," मी म्हणालो. "हो, इथंच."

त्यानं मान हलवत लिहून घेतलं. मग मला एका मशीनवर हात ठेवून उभं केलं आणि फोटो काढला. गाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं.

रविवारच्या पेपरात बातमी आली. 'घोटीच्या तरुणाने बनविली विंडोजला पर्यायी संगणक प्रणाली'. खाली माझा फोटो, आणि मजकुरात, अमेरिकी कंपन्यांची मक्तेदारी आता संपणार, गिरणी कामगाराच्या मुलाची झेप, वगैरे. सिडकोतल्या चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या मी ती वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा कान गरम झाले. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा, खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. टपरीवाल्याने फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि चहा पुन्हा भरून दिला. त्या रविवारी मी घोटीला गेलो नाही. काम आहे असं मी स्वतःलाच सांगितलं.

संध्याकाळी घरमालकांच्या फोनवर आबांचा फोन आला. एसटीडी बूथवरून बोलताना ते नेहमी ओरडायचे, जणू आवाज तारेतून नाही, डोंगरावरून जायचाय.

"शेठनी पेपर मोठ्यानं वाचून दाखवला गिरणीत," ते म्हणाले. "हमाल, गाडीवाले, समदे हुभे होते. मला खुर्ची दिली बसायला."

"आबा, पेपरात जरा वाढवून आलंय."

"पेपरवाले वाढवत्यातच. पुढच्या रविवारी तुझा सत्कार ठेवलाय शेठनी. शाळेच्या हॉलमधी. चांगला शर्ट घालून ये."

मी हो म्हणालो. इतक्या आनंदाच्या आवाजापुढे नाही म्हणणं मला जमलं नाही. वाटलं, टूल तर आपण केलंच आहे, सत्काराला जाऊ आणि काय ते नीट समजावून सांगू.

सोमवारी क्लासला गेलो तर मॅडम माझी वाट बघत होत्या. मुलं गेल्यावर त्यांनी मला त्यांच्या मशीनपाशी बोलावलं. आवाज अगदी हळू होता.

"भैया, रागावू नका. मी काल घरी मॅन्युअल वाचत होते, दुसरंच काही शोधत होते. हे बघा."

पडद्यावर मॅन्युअलचं एक पान उघडलेलं होतं. पॅकेजच्या फायलींना त्यांच्या आतल्या माहितीवरून पूर्ण आणि ठरलेलं नाव देणारा हुकूम. माझ्यासारखाच. म्हणजे, माझाच त्याच्यासारखा. कुणा परदेशी माणसाने तो कित्येक वर्षांपूर्वी लिहिला होता, आणि मी स्वतःच्या हाताने क्लासातल्या प्रत्येक मशीनवर चढवलेल्या सामानात तो होता. मी जिथं बसून माझ्या साठ-सत्तर ओळी लिहिल्या, त्याच मशीनच्या डिस्कवर तो आधीपासून पडलेला होता.

मॅडम पुढे वाचत होत्या. तो फायली विषयवार वेगळ्या फोल्डरांतही लावून द्यायचा. आणि त्या नावाची फाईल आधीच असेल, तर मुद्दाम सांगितल्याशिवाय जुनीवर नवी लिहायचा नाही.

"तुमचं काय करतं अशा वेळी?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या ओळी उघडून पाहिल्या. माझं टूल गुपचूप जुनी फाईल पुसून नवी ठेवत होतं. दोन फायलींची नावं सारखी होऊ शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या माणसाच्या आलं होतं.

आम्ही तो हुकूम चालवून पाहिला. नावं एकाखाली एक पडत गेली, माझ्यापेक्षा वेगाने. मॅडमनी पान बंद केलं. "तुम्हाला माहीत नव्हतं ना," त्या म्हणाल्या. "यात चोरी तर नाही काही." चोरी हा शब्द त्यांनी उच्चारला. तोवर मला फक्त मूर्खासारखं वाटत होतं. गावाला ती चोरी वाटेल हे तेव्हा लक्षात आलं.

मी सरांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर क्लासची नवी पत्रकं छापून आली होती, वर माझाच फोटो. सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅन्युअल कोण वाचतंय नाशकात? तू वाचलं होतंस का?" आणि हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "हे बघ, बातमी तू दिली नाहीस. तू आता बोलू नकोस, एवढंच कर."

वार्ताहराला फोन केला. तो सज्जन होता, नीट ऐकून घेतलं त्यानं. "खुलासा छापायला कुणाची तरी तक्रार लागते," तो म्हणाला. "तुमच्याविरुद्ध तुम्हीच तक्रार करणार का?" मग थोडं थांबून, "अहो, गावाला आनंद झालाय. राहू द्या ना."

शनिवारी दुपारच्या एसटीने घोटीला गेलो. आबा नुकतेच गिरणीतून आले होते. कपड्यांवर, भुवयांवर कोंडा. आईने पाणी दिलं, त्यांनी तोंड धुतलं आणि माझ्यासमोर बसले. मी सगळं सांगून टाकलं. प्रणाली मी बनवली नाही, एक लहानसं साधन बनवलं, आणि तेही आधीपासून होतं.

"म्हंजी कसं?" त्यांनी विचारलं. "नीट सांग."

मी त्यांना गिरणीतलंच उदाहरण दिलं. समजा, पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वाटेत फाटल्या, बदलल्या. बाहेर इंद्रायणी भाताची चिठ्ठी आणि आत कोळपी जातीचं भात. तर तुम्ही पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढता, बघता, आणि बरोबर चिठ्ठी लावता. माझं टूल तेवढंच करतं.

"आन ती नळी आधीच होती."

"हो."

"आपल्याच गिरणीत."

"हो आबा. माझ्याच मशीनवर होती. मला माहीत नव्हतं."

त्यांनी सदऱ्यावरचा कोंडा झटकला. आई चुलीपाशी होती, तिने वळून पाहिलं. मग आबा म्हणाले, "शेठनी फ्लेक्स लावलाय. माझं बी नाव हाय त्याच्यावर." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "उद्याचा दिस जाऊ दे. मग सावकाश सांगू लोकांना."

मी त्यांच्याकडून हे ऐकायला आलो नव्हतो. मला वाटलं होतं ते म्हणतील, खरं काय ते सांगून टाक. त्यांनी माझ्याकडे एक दिवस मागितला होता, आणि मला त्यांचा राग आला. आज त्या रागाची लाज वाटते. तेव्हा तो अगदी रास्त वाटला होता.

हॉल भरला होता. माझे मास्तर, नातेवाईक, गिरणीतली माणसं. भिंतीवरच्या फ्लेक्सवर माझ्या फोटोखाली 'संगणक प्रणालीचे जनक' लिहिलेलं, आणि त्याखाली आबांचं नाव. आबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर नवी टोपी. शेठनी शाल घातली, नारळ दिला आणि अर्धा तास बोलले. आता अमेरिकेतली माणसं कंप्युटर शिकायला घोटीत येणार, असंही ते म्हणाले, आणि लोक मनापासून हसले. मग माझ्या हातात माईक आला.

मी आबांकडे पाहिलं नाही. म्हणालो, की पेपरात आलंय ते बरोबर नाही. मी प्रणाली बनवलेली नाही. पॅकेजच्या फायलींची नावं एकसारखी करणारं एक लहान टूल मी लिहिलं, आणि तसं टूल आधीपासूनच आहे, ते माझ्यापेक्षा चांगलं आहे, ते मला नंतर कळलं. या सत्काराला मी पात्र नाही. हे सगळं मी इंग्रजी शब्दांची भेळ करत, अडखळत बोललो. पॅकेज, आर्किटेक्चर, व्हर्जन. घाबरलो की माझ्या तोंडून तेच शब्द यायचे.

 मग शेठनी माझ्या हातातून माईक घेतला. "बघा," ते म्हणाले, "एवढं मोठं काम करून पोरगं म्हणतंय मी काहीच केलं नाही. याला म्हणतात संस्कार." टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मास्तरांनी तर डोळे पुसले. मी शाल गुंडाळून उभा होतो आणि हॉलभर माझ्या नम्रतेचं कौतुक चाललं होतं.

तेव्हा मी आबांकडे पाहिलं. त्या सगळ्या हॉलमध्ये मी काय बोललो ते कळलेला माणूस तेवढा एकच होता. ते टाळ्या वाजवत नव्हते. मान खाली घालून मांडीवर ठेवलेल्या टोपीची घडी सरळ करत होते. टोपी त्यांनी केव्हा काढली ते मला दिसलं नव्हतं.

घरी चालत आलो. नारळ आबांच्या हातात होता. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "सांगितलंस ते चुकीचं नाय." आणखी काही पावलं गेल्यावर, "पर मी एक दिस मागितला होता."

मी त्यांच्या मागून चालत राहिलो.  खरं सांगून मी माझा भार उतरवला होता, पण त्या खऱ्याचा कुणाला उपयोग झाला नव्हता. ऐकलं फक्त त्यांनी, ज्यांना ते आधीच माहीत होतं.

सोमवारी मी नाशिकला परत आलो आणि माझं टूल सगळ्या मशिनींवरून काढून टाकलं. मॅडमनी ते एका फ्लॉपीवर ठेवायला सांगितलं, मी ऐकलं नाही. पुढे लवकरच त्यांच्या मिस्टरांची बदली झाली. जाताना त्या म्हणाल्या, "भैया, उस दिन मी बोलले नसते तर बरं होतं का?" मी नाही म्हणालो. ते मी मनापासून म्हणालो का, हे मला आजही सांगता येत नाही. सरांची पत्रकं मात्र संपेपर्यंत वाटली गेली.

घोटीत गोष्ट तिथं संपली नाही. दिवाळीला शेठचा पुतण्या आला. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. शेठनी अभिमानाने त्याला कात्रण दाखवलं. त्यानं नाशिकला क्लासात विचारपूस केली आणि गिरणीतच सगळ्यांसमोर सांगितलं, की काका, ही प्रणालीबिणाली काही नाही, हा तर फायलींची नावं बदलायचा प्रकार आहे, आमच्या होस्टेलवरची पोरंही करतात. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण शेठ दुखावले. मी स्टेजवर तेच सांगितलं होतं हे कुणाला आठवलं नाही. आबांना कुणीच खोटारडा म्हणालं नाही. फक्त चेष्टा सुरू झाली. पोतं काट्यावर आलं की कुणीतरी म्हणायचं, "बघा जरा, नाव बदलून आलंय का." आबा वजन सांगायचे आणि चिठ्ठी लावायचे.

हे सगळं मला आईने फार उशिरा सांगितलं. आबा एका शब्दाने बोलले नव्हते. मी आबांना विचारलं, "तुम्ही त्यांना सांगायचं ना, मी तिथंच कबूल केलं होतं म्हणून." ते म्हणाले, "सांगून काय करू? मी मान खाली घालून बसलो हुतो, तेवढं लोकांच्या ध्यानात हाय."

पुढे मला अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. कारखान्याचे सर्व्हर सांभाळायचे, मशिनी अपडेट ठेवायच्या. पॅकेजचं नाव बदलायची वेळ आली की मी तो जुना हुकूम वापरतो. तो लिहिणाऱ्या माणसाला पत्र लिहावं असं कितीदा वाटलं, पण काय लिहायचं ते सुचलं नाही.

आबा गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी मी त्यांना नाशिकला घेऊन येत होतो. एसटीत तिघांच्या बाकावर आबांच्या पलीकडे एक गृहस्थ बसले होते, येवल्याकडचे. आबांशी गप्पा सुरू झाल्या. पाऊस, कांद्याचा भाव, मग घरची माणसं.

"मुलगा काय करतो?" त्यांनी विचारलं.

"कंप्युटरमधी हाय," आबा म्हणाले.

"अरे वा. म्हणजे नेमकं काय करतो?"

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. एक काळ होता, ते बसमध्ये शेजाऱ्याला माझे दहावीचे मार्क विषयवार सांगायचे. मी खिडकीकडे बघायचं नाटक करत ऐकत बसायचो.

"ते त्यालाच इचारा," ते म्हणाले, आणि मागे टेकून बसले, म्हणजे मला आणि त्या गृहस्थांना सरळ बोलता यावं.

मी म्हणालो, कारखान्यात मशिनी सांभाळतो. गृहस्थांनी बरं बरं म्हणून मान हलवली. त्यांच्या पुतण्याला नोकरी लावता येईल का, म्हणून ते विचारू लागले. मी त्यांना नाव-शिक्षण विचारत राहिलो. आबा डोळे मिटून बसले होते. झोपलेले नव्हते.